एका दिवसाची दुसरी बाई

उज्ज्वलाबाई दिवसभर बोलत असायच्या, आणि तरी त्यांच्याशी बोलणारं माणूस नांदझरीत नव्हतं. यात काय नवल, म्हणाल. मास्तरकीचा धंदाच बोलण्याचा. पण पोरांशी बोलणं वेगळं आणि माणसाशी बोलणं वेगळं. वेलांटी पहिली की दुसरी हे सांगून घसा दुखतो, मन मोकळं होत नाही. नांदझरीच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीचे चार वर्ग, आणि चारही वर्गांना मिळून बाई एकच. किशोर सर होते तोवर निदान मधल्या सुट्टीत चहा पिता पिता सरकारला शिव्या घालता यायच्या. त्यांची बदली झाली, घराजवळचं गाव मिळालं, ते हसत हसत गेले. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. त्यांची खुर्ची तेवढी राहिली, बाईंच्या टेबलासमोर, आणि ती कोपऱ्यात सरकवायला बाईंचा हात काही धजला नाही.

घरी तरी कोण होतं? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा साकेत पुण्यात. रविवारी फोन करायचा, 'जेवलीस का' विचारायचा आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत 'चल, ठेवतो' म्हणायचा. अल्लीपुरात भाड्याची खोली. सकाळी ऑटोनं शाळेत, संध्याकाळी ऑटोनं परत. घरमालकीण भली बाई होती, पण तिच्याशी बोलणं म्हणजे नळ आला का आणि नळ गेला का, एवढंच.

एकट्या बाईची शाळा कशी चालते ते सांगतो. पहिलीला 'क' गिरवायला लावायचं, तोवर दुसरीची बेरीज बघायची, ती होते न होते तोच चौथीचा भागाकार काढायचा, आणि भागाकाराची बाकी उरेपर्यंत पहिलीतल्या दोघांनी एकमेकांच्या झिंज्या धरलेल्या असायच्या. बाई जरा बाजूला गेल्या की शाळेचं लग्नघर व्हायचं. दिवाळीच्या आधी एकदा त्यांना सणकून ताप भरला. पोरांची खिचडी शिजवणारी पंचफुला कपाळावर ओली पट्टी ठेवत म्हणाली, "घरी जा ना वो, बाई. अंगावर लाह्या फुटतीन अशा."

"घरी गेले तर शाळा कोण पाहील?"

"देव पाहीन," पंचफुला म्हणाली. पण देवाला कुठे डी.एड. झालेलं असतं! बाई टेबलावर डोकं टेकून बसल्या आणि बसल्या बसल्या पाढे म्हणून घेतले.

आता वरच्यांचं गणित ऐका. शाळेला पैसा मिळतो तो पटावर. पोरं जास्त, तर पैसा जास्त; पोरं कमी, तर कमी. वर वर पाहिलं तर काय चूक आहे? पण नांदझरीत ज्यांच्या हातात चार पैसे खेळतात त्यांनी पोरं केव्हाच व्हॅनमध्ये बसवून हिंगणघाटच्या इंग्रजी शाळेत पाठवली. मागे राहिली ती कापूस वेचायला जाणाऱ्यांची, वीटभट्टीवर जाणाऱ्यांची, भाजीच्या टोपल्या डोक्यावर वाहणाऱ्यांची. म्हणजे ज्यांना शाळेची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच शाळा सगळ्यात लहान, आणि लहान म्हणून तिला सगळ्यात कमी. पैसा नाही म्हणून छप्पर गळतं, छप्पर गळतं म्हणून आणखी दोन पोरं जातात. ज्याच्या ताटात आहे त्यालाच वाढायचं, आणि उपाशी माणसाला विचारायचं, 'तुझं ताट एवढं छोटं कसं रे?' वा रे न्याय!

म्हणूनच पौष महिन्यात केंद्रप्रमुख योगेंद्र सरांचा फोन आला तेव्हा बाईंना आधी खरंच वाटेना. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा हा माणूस एरवी फोन करायचा तो माहिती मागायला.

"बाई, यंदा जिल्हा परिषदेनं आपल्या पदरचा वेगळा निधी काढलाय," ते म्हणाले. "पटावर नाही, गरजेवर. जिथली पोरं सगळ्यात मागे, त्या शाळेला आधी. मिळाला तर छप्पर होईल आणि मानधनावर दुसरा शिक्षक मिळेल. वर्ध्याहून शिक्षण विभागाचे कृष्णकांत साहेब स्वतः बघायला येणार आहेत. फक्त एक करा, हात जोडून सांगतो. जसं आहे तसं दाखवा. शाळा सजवू नका."

बाकीचं बाईंना नीट ऐकूच आलं नाही. दुसरा शिक्षक! छप्पर होईल न होईल, पण समोरच्या खुर्चीवर कोणीतरी बसेल. 'आज ऊन फार आहे' म्हटलं तर 'हो ना' म्हणेल. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी किशोर सरांच्या खुर्चीवरची धूळ पदरानं पुसली आणि मग स्वतःशीच लाजल्या.

शाळा समितीचा अध्यक्ष होता रामाजी. वांग्याचा आणि सांबाराचा, म्हणजे आपल्या कोथिंबिरीचा, मळा करणारा माणूस. अल्लीपूरच्या बाजारात त्याची वांगी नावानं विकली जायची. बाईंनी त्याला बोलावून समजावलं.

"रामाजीभाऊ, साहेब येणार आहेत शाळा पाहायला. आपण काहीएक करायचं नाही. सतरंजी फाटकी आहे, फाटकीच राहू द्या. छप्पर गळतं तिथे डाग आहेत, ते दिसू द्या."

रामाजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पाहुना येऊन राह्यला आन् आपन त्याले फाटकी सतरंजी दाखवाची? काऊन?"

"त्यातच आपला फायदा आहे."

"बाई, तुमाले मागचं मालूम नाई. बाजूच्या गावात असेच सायेब आलते. शाळा पाह्यली, तोंड वाकडं केलं, आन् पुढच्या साली शाळेले कुलूप! म्हने एवढ्याशा पोट्ट्यांसाठी शाळा कायले? आता ते पोट्टे कुठी जाते, इचारा. कुठीच नाई जात. बकऱ्या चारते."

"हे साहेब तसे नाहीत हो. हे मदत द्यायला येताहेत."

"सायेब मदत द्याले येते!" रामाजीनं कपाळावर हात मारला. "हे त मी पयल्यांदाच ऐकून राह्यलो." मग बाईंचा चेहरा पाहून म्हणाला, "बरं बरं. तुमी म्हनता तसं."

'बरं बरं' म्हणजे होकार नव्हे, हे ज्याला कळत नाही त्यानं खेड्यात नोकरी करू नये. बाईंची एवढी वर्षं नोकरीत गेली, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात दुसरा शिक्षक बसला होता, त्यामुळे त्यांना कळलं नाही.

साहेब यायच्या दिवशी बाई ऑटोतून उतरल्या आणि फाटकातच थबकल्या. अंगणात सडा, सड्यावर ही मोठी रांगोळी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत अल्लीपूरच्या बिछायत केंद्रातून भाड्यानं आणलेल्या लाल मखमली खुर्च्या, खाली नवी कोरी सतरंजी. छपराला जिथे जिथे डाग होते तिथे लग्नाच्या मांडवाचं गुलाबी कापड ताणून बांधलेलं. पोरं संक्रांतीच्या कपड्यांत, चापूनचोपून भांग पाडलेली. ज्यांच्या पायात कधी चप्पल दिसली नव्हती ती पोरंही कोणाकोणाच्या चपला घालून फटक फटक चालत होती. चुलीवर पंचफुलानं तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी चढवली होती, आणि त्या वासानं अर्धं गाव शाळेत जमलं होतं.

"रामाजीभाऊ! हे काय करून ठेवलं?"

"तुमची लाज राखली, बाई. तुमची इज्जत ते आमची इज्जत," रामाजी छाती फुगवून म्हणाला. "आन् हे त काहीच नाई. आत पाहा ना."

आत किशोर सरांच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. इस्त्रीची साडी, केसांना पिन, हातात पहिलीचं पुस्तक. रामाजीची अंकिता. डी.एड. झालेली, परीक्षा पास झालेली, आणि भरतीची वाट पाहत बापासोबत बाजारात वांगी तोलणारी. बाईंना पाहून ती ताडकन उठली.

"मॅडम, मी नाही म्हणत होते. बाबा ऐकूनच नाही राह्यले."

"ऐकाचं काय त्याच्यात?" रामाजी म्हणाला. "चार वर्गाले एकच बाई पाह्यली का सायेब म्हनते, लावा कुलूप. दोन बाया दिसल्या का शाळा भरल्यावानी दिसते. एका दिवसाचा त सवाल हाय."

बाईंना भयंकर राग आला. सगळं उतरवायला सांगावं, तर अंगणात उभी असलेली माणसं कालपासून राबलेली. मनाशी म्हणाल्या, असू दे. साहेब आले की त्यांना बाजूला घेऊन सगळं खरं सांगू. गुलाबी कापडही वर करून दाखवू. असं ठरवलं आणि घंटा वाजवली.

पण मग जे झालं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. अंकितानं पहिली-दुसरीला व्हरांड्यात नेलं. बाई तिसरी-चौथीला घेऊन आत बसल्या. आणि भिंतीपलीकडून दुसऱ्या बाईचा आवाज ऐकू यायला लागला. अंकिता चिमणीची गोष्ट सांगत होती, पोरं खिदळत होती, आणि बाईंना उठून बघावं लागत नव्हतं! चौथीचा भागाकार त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न थांबता शिकवला. मागच्या रांगेतली एक पोरगी, जिला भागाकार म्हटलं की रडू यायचं, तिनं स्वतःहून बाकी काढली. शिकवणं असं असतं हे बाई विसरूनच गेल्या होत्या.

मधल्या सुट्टीत दोघी चहा घेऊन बसल्या. अंकिता म्हणाली, "मॅडम, एवढ्याशा दोन वर्गांत माझा जीव मेटाकुटीले आला. तुम्ही एकट्या हे सगळं कसं सांभाळता हो?"

हा प्रश्न बाईंना आजवर कोणी विचारला नव्हता. ना योगेंद्र सरांनी, ना साकेतनं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते लपवायला त्या खोट्याच हसल्या. अंकिताही हसली. मग कशावरून कोण जाणे, दोघी पोट धरून हसत सुटल्या.

साहेब आले ते नेमके तेव्हाच.

कृष्णकांत साहेब वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. मध्यम वयाचा, दमलेला, शाळा पाहून पाहून बुटांवर धूळ चढलेला. त्यांनी पोरांना वाचायला लावलं, पंचफुलाची आमटी मागून घेऊन खाल्ली, लाल खुर्चीवर बसून गुलाबी छताकडे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग अंकिताकडे वळून म्हणाले, "कागदावर तर इथे एकच शिक्षिका आहे. या कोण?"

"गावानं ठेवली, सायेब," बाईंच्या आधी रामाजीनं तोंड घातलं. "आमच्या शाळेले काही कमी नाई पडू देत आमी."

"गावानं? स्वतःहून? वा!" साहेब बाईंकडे वळले. "रोज येतात या?"

हीच ती वेळ. बाईंना एवढंच म्हणायचं होतं, 'नाही साहेब, आजच्यापुरती.' समोर रामाजी घाम पुसत उभा. दारात पंचफुला, हातात वाढायची पळी. माणसं श्वास रोखून बघताहेत. पाहुण्यासमोर गावाला खोटं कसं पाडायचं? हे कारण खरंच होतं. पण खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. अंकिता समोरच्या खुर्चीवर बसली होती. सकाळपासून बसली होती. 'आजच्यापुरती' हा शब्द उच्चारला की ती खुर्ची त्याच क्षणी रिकामी होणार होती, आणि बाईंच्यानं ते बोलवेना.

"हो," त्या म्हणाल्या.

"छान! आणि अडचण काही?"

"नाही साहेब."

साहेबांची गाडी गेली आणि अंगणात एकच जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी लाल खुर्च्या परत गेल्या, सतरंजी परत गेली, चपला ज्याच्या त्याला गेल्या. आदल्या दिवशीच, अंकिता घरी निघाली तेव्हा, बाईंनी तिला म्हणून पाहिलं होतं, "अधूनमधून येत जा ना." ती बिचारी ओशाळली. "मॅडम, यावंसं त लय वाटते. पण बाजार सोडला त घरी भागत नाही."

महिनाभरानं योगेंद्र सरांचा फोन आला. आवाज तापलेला. "बाई, काय करून बसलात हो हे? मी हात जोडून सांगितलं होतं! साहेब म्हणतात, जे गाव आपल्या खर्चानं बाई ठेवतं, पाहुण्याला मखमली खुर्ची देतं, त्या गावाची गरज नंतर बघू. निधी दुसरीकडे गेला."

बाईंनी रजा टाकली. म्हणजे त्या दिवशी शाळा बंद. दुसरं काय होणार? एस.टी.नं वर्ध्याला गेल्या, साहेबांच्या दारात ताटकळल्या, आणि आत गेल्यावर एका दमात सगळं सांगून टाकलं. खुर्च्या भाड्याच्या होत्या. कापडाखाली छप्पर गळतं. ती मुलगी एका दिवसापुरती बसली होती.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग त्या दिवशी का नाही बोललात? मी तोंडानं विचारलं होतं, बाई."

"त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं, साहेब," बाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्या माणसाला असलं उत्तर द्यायचं असतं का? पण खरं उत्तर तेच होतं.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "दुसऱ्या शाळांनी मोडके बाक मुद्दाम समोर मांडले होते," ते म्हणाले. "तुमच्याकडे मला वाटलं, चला, एक तरी शाळा सुखात आहे. दोघींना हसताना पाहून बरं वाटलं होतं. आता सभेत मंजूर झालंय. ज्यांना मिळालं तीही गरिबांचीच पोरं आहेत. कोणाच्या ताटातलं काढू, तुम्हीच सांगा."

बाई उठल्या.

"ती मुलगी शिकलेली आहे का हो?" साहेबांनी सहज विचारलं.

"डी.एड. आहे."

"अरेरे. मानधनाची ती जागा गावातल्याच शिकलेल्या मुलीला द्यायची होती. तशी अटच होती."

परतीच्या एस.टी.त बाईंना खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं काय नाही, त्यांना दिसलं नाही. जी खुर्ची अंकिताला रोजची मिळायची होती, ती एका दिवसासाठी तिला बसवून घालवली. बापानं बसवली, आणि बाईंनी 'हो' म्हणून शिक्का मारला. ठरवलं, उद्या रामाजीला सगळं सांगायचं. शिव्या घालू दे हवं तर. निदान हे कोणाशी तरी बोलता येईल.

दुसऱ्या दिवशी रामाजी स्वतःच शाळेत आला. हातात सांबाराची जुडी, चेहरा काळजीनं उतरलेला. "बाई, वर्ध्याले गेलते म्हने तुमी. शाळा बंद कराची म्हनते का?"

"नाही हो. शाळा बंद नाही होत."

"मंग काय म्हने सायेब?"

"शाळा फार आवडली म्हणाले."

रामाजी मटकन पायरीवर बसला. एवढ्या दिवसांचा घोर त्याच्या तोंडावरून उतरताना दिसला. "म्हटलं नोतं का मी! तुमी उगाच भेत होत्या. त्या लाल खुर्च्याइनं काम केलं, बाई, लाल खुर्च्याइनं!" मग जुडी बाईंच्या हातात देत म्हणाला, "आन् एक सांगाचं होतं. अंकिताले सेवाग्रामच्या दवाखान्यात काम लागलं. पेशंटच्या चिठ्ठ्या फाडाच्या खिडकीवर. सोमवारी चालली. तिथंच राहीन मैत्रिनीसंगं." तो जरा थांबला. "तिले शाळेतच जाचं होतं. त्या दिवशी घरी आली त किती खुश होती, तुमाले काय सांगू. रातभर पोट्ट्यांच्याच गोष्टी. इथंच काही लागलं असतं त पोरगी डोळ्यासमोर राह्यली असती. पन गरिबाचं नशीब कुठी एवढं धड असते?"

बाईंनी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. बोलल्या असत्या तर त्यांचा भार अर्धा झाला असता, आणि उरलेला अर्धा या माणसानं वांगी तोडताना, बाजारात बसताना, मरेपर्यंत वाहिला असता. नशिबाला बोल लावत होता तेच बरं होतं. नशिबाला बोल लावून झोप तरी येते.

"चांगली पोरगी आहे," बाई म्हणाल्या. "कुठेही गेली तरी सोनं करील."

"पाहून घेऊ." रामाजी धोतर झटकत उठला आणि फाटकापर्यंत जाऊन पुन्हा वळला. आता तो हसत होता. "पुढच्या साली सायेब आले त मले आधी सांगजा, बाई. अंकिताले एका दिवसाची सुट्टी काढाले लावू आन् पुन्हा बसवू त्या खुर्चीवर. काय?"

आत पहिलीतल्या दोघांची जुंपली होती. चौथीचा भागाकार फळ्यावर अर्धा राहिला होता.

"हो," बाई म्हणाल्या.